"सवयी चांगल्या दिसतात" : मायकेल फॅरडेची नेमणूक, लंडन, १८१३

१ मार्च १८१३ रोजी लंडनच्या अल्बमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्यवस्थापकांची बैठक झाली. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाची जागा रिकामी झाली होती आणि ती भरायची होती. विज्ञानाचे प्रयोग आणि व्याख्यानं चालणाऱ्या या संस्थेतले नामवंत रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांनी एका मुलाचं नाव पुढे केलं. इतिवृत्तात त्याच्याबद्दल मोजक्या ओळी आहेत. नाव मायकेल फॅरडे. वय बावीस, असं लिहिलंय. पुढे विजेवरच्या कामानं शास्त्रज्ञ म्हणून गाजलेला हा मुलगा खरं तर तेव्हा एकवीस वर्षांचा होता. सवयी चांगल्या दिसतात, स्वभाव चटपटीत आणि हसरा, वागण्याबोलण्यात हुशारी, आणि आधीच्या माणसाला जे मिळत होतं तेवढ्यावर यायला तयार.

शिक्षणाबद्दल त्यात अक्षर नाही, कारण सांगण्याजोगं शिक्षण नव्हतंच. लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब, एवढ्यावर शाळा संपली होती. बाप लोहार, तोही आजारी राहून १८१० मध्येच वारलेला. ओळखीपाळखी नाहीत, गाठीला पैसा नाही. असा मुलगा आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि माळ्यावरच्या दोन खोल्यांवर तिथे कामाला लागला आणि बारा वर्षांत, १८२५ साली, त्याच प्रयोगशाळेचा संचालक झाला.

ही गोष्ट आपल्याकडे "गरीब मुलगा जिद्दीनं मोठा झाला" अशी सांगितली जाते. तेवढ्यानं हाती काही लागत नाही. जिद्द पुष्कळांकडे असते. मला या प्रकरणात रस आहे तो वेगळ्या कारणानं: फॅरडे रोज नेमकं काय करत होता, त्यातलं कुठलं काम त्याला एकेक पायरी वर घेऊन गेलं, आणि कुठे सवयी अपुऱ्या पडल्या, हे पत्रांमधून आणि वह्यांमधून बरंचसं पाहता येतं.

बाइंडिंगचं दुकान

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रं पोचवायला लागला. वर्षभरात रीबोनं त्याला बाइंडिंगच्या कामात सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतलं. अशा उमेदवारीसाठी मालकाला रक्कम द्यायची रीत होती. रीबोनं ती घेतली नाही, मुलगा इमानदारीनं काम करतो म्हणून.

फर्मे, म्हणजे घड्या घातलेले छापील ताव, जुळवायचे, ते शिवून जुजबंदी करायची, पुठ्ठा चढवायचा, हे दिवसाचं काम. बांधायला येणारी पुस्तकं तो वाचत असे. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचं संवादरूपात लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक, या दोन गोष्टींनी आपल्याला विज्ञानाची वाट दाखवली, असं तो पुढे सांगत असे. मार्सेटबाईंचं ऋण त्यानं आयुष्यभर मानलं. पुस्तकात वाचलेलं खरं आहे का हे स्वतः करून पाहायचं, ही खोडही इथलीच. बाटल्या आणि भंगार जमवून त्यानं विजेचं यंत्र बनवलं आणि रीबोनं दुकानात त्याला तशी मोकळीक दिली.

रीबो या कथेत नेहमी एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते तो निम्म्या श्रेयाचा धनी आहे. कामाच्या वेळेत पुस्तक उघडून बसलेल्या पोराकडे डोळे वटारणारा मालक मिळाला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. चांगल्या सवयी लागतात त्या माणसाला, पण टिकतात त्या त्याच्या आसपासच्या माणसांनी टिकू दिल्या तर.

मात्र वाचनानं त्याची परिस्थिती तसूभरही बदलली नव्हती. भरपूर वाचणारा बाइंडर हा शेवटी बाइंडरच राहिला असता. "रोज वाचा, म्हणजे पुढे जाल" हा सल्ला आपल्याकडे उठताबसता दिला जातो, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. बदल सुरू झाला तो पुढच्या टप्प्यावर.

टोपीवरचा कागद

१८१० च्या फेब्रुवारीत फॅरडेनं दुकानाच्या खिडकीत लागलेली किंवा रस्त्यात दिसलेली जाहिरात वाचली आणि जॉन टॅटम यांच्या व्याख्यानांना जायला लागला. टॅटम चांदीकाम करणारे. डॉर्सेट स्ट्रीटवर स्वतःच्या घरी ते संध्याकाळी विज्ञानावर बोलत. दर व्याख्यानाला एक शिलिंग. मायकेलकडे तो नसायचा. थोरला भाऊ रॉबर्ट, जो स्वतः लोहारकाम करत होता, तो द्यायचा.

तिथे टिपणं कशी घ्यायची हे फॅरडेनं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि ते वाचण्यासारखं आहे. तो एकदोन ताव मधोमध शिवून किंवा टाचणीनं टाचून त्यांची छोटी वही करायचा. शक्यतो पुढची जागा पकडायचा. गुडघ्यांवर टोपी, टोपीवर कागद. बोलणं चालू असताना सगळं उतरवायच्या फंदात पडायचा नाही. ठळक शब्द, छोटी पण महत्त्वाची वाक्यं, प्रयोगाचं नाव, पदार्थांची नावं, एवढंच. व्याख्यान संपलं की कुठे न रेंगाळता थेट घरी. वाटेत चालताना ऐकलेलं सगळं क्रमानं मनात पुन्हा उभं करायचं. घरी पोचल्यावर दुसरं टिपण, जास्त भरघोस, सलग आणि वाचता येईल असं. मग त्याच्या आधारे संपूर्ण व्याख्यान लिहून काढायचं, जिथे गरज तिथे आकृत्यांसह. आकृत्या जमत नव्हत्या तर रीबोच्याच घरात राहणाऱ्या मास्करिए नावाच्या चित्रकाराकडून तो यथादर्शन, म्हणजे कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याची रीत, शिकला. शेवटी हे सगळं स्वतःच्या हातानं बांधून त्याचे खंड केले.

पहिला कागद सगळेच घेतात. कॉलेजात घेतात, ऑफिसच्या मीटिंगमध्येही घेतात. फरक पडला तो त्याच रात्री घरी जाऊन दुसऱ्यांदा लिहिण्यानं. ऐकताना समजल्यासारखं वाटलेलं, लिहायला बसलं की कुठे समजलं नव्हतं ते लगेच उघडं पडतं. फॅरडेला स्वतःच्या स्मरणशक्तीवर भरवसा नव्हता. पुढे आयुष्यात विस्मरणाचा त्रास त्याला फार झाला. या तीनदा लिहिण्यातून तो आपली उणीव भरून काढत होता.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. काम पुरं झालं होतं. सुटे कागद नव्हते. शिवलेली, पुठ्ठा चढवलेली, कुणाच्याही हाती देता येईल अशी वस्तू होती. म्हणूनच ती हातोहात फिरू शकली. रीबोनं कौतुकानं ते खंड दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाला दाखवले, ते विल्यम डान्स या संगीतकारापर्यंत पोचले, आणि डान्स यांनी या मुलाला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेनं कुणाकडे ओळख मागितली नव्हती. त्याच्या वतीनं त्याच्या वह्या बोलल्या.

दार उघडलं तेव्हा

१८१२ च्या वसंतात त्यानं डेव्हींची चार व्याख्यानं ऐकली. पद्धत तीच. त्यातून तीनशेहून जास्त पानांचं बांधीव हस्तलिखित तयार झालं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उमेदवारी संपली. तो दुसऱ्या एका मालकाकडे पगारी बाइंडर म्हणून लागला आणि तिथे त्याचा जीव रमेना. त्याआधी, उमेदवारीत असतानाच, विज्ञानाच्या जवळपास कुठेही, कसलीही नोकरी मिळावी म्हणून त्यानं रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिलं होतं. उत्तर घ्यायला गेल्यावर दारवानानं सांगितलं की उत्तर काही नाही.

या पत्राची डिसेंबरमध्ये डेव्हींना पाठवलेल्या पत्राशी तुलना करून पाहावी. बँक्स यांच्याकडे गेली ती निव्वळ विनंती. डेव्हींकडे, डान्स यांच्या सांगण्यावरून, पत्रासोबत त्यांच्याच व्याख्यानांचं बांधलेलं हस्तलिखित गेलं. डेव्हींचं उत्तर २४ डिसेंबरला आलं: तुमचा उत्साह, स्मरणशक्ती आणि एकाग्रता यातून दिसते, सध्या बाहेरगावी जातोय, जानेवारीच्या शेवटी भेटू. इच्छा तीच, माणूस तोच. एका पत्रासोबत पुरावा होता, दुसऱ्यासोबत नव्हता.

भेट झाली, पण नोकरी मिळाली नाही. डेव्हींनी सांगितलं की विज्ञानात पैसा नाही, बाइंडिंग सोडू नका, संस्थेची पुस्तकं बांधायला तुमच्याकडे पाठवीन.

इथे नशिबाचा भाग प्रामाणिकपणे मांडायला हवा. आधी, १८१२ च्या शरदात, नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटात डेव्हींच्या डोळ्याला इजा झाली होती, आणि काही दिवस लेखनिक म्हणून फॅरडेला बोलावलं गेलं होतं. नंतर फेब्रुवारी १८१३ मध्ये प्रयोगशाळेतला मदतनीस विल्यम पेन यानं उपकरणं बनवणाऱ्या न्यूमन यांच्याशी मारामारी केली आणि त्याला काढलं गेलं. त्यानंतरच्या एका रात्री फॅरडे झोपायच्या तयारीत असताना दारावर जोरात थाप पडली. बाहेर गाडी उभी होती, नोकर चिठ्ठी देऊन गेला. सकाळी या.

पेनचं भांडण झालं नसतं तर? कदाचित वर्षानुवर्षं काहीच झालं नसतं. सवयींनी जागा रिकामी केली नाही. त्यांनी इतकंच केलं की जागा रिकामी झाली तेव्हा डेव्हींना आठवेल असं एकच नाव शिल्लक होतं. यापेक्षा मोठा दावा मला पटत नाही, आणि हा दावाही लहान नाही.

आत शिरल्यावर

पहिल्या आठवड्यात त्यानं बिटापासून साखर काढली आणि गंधक व कार्बनचं दुर्गंधी संयुग बनवलं. एप्रिलपर्यंत त्याच ट्रायक्लोराइडच्या स्फोटात त्याचा हात फुटला आणि नखाचा तुकडा उडाला. व्याख्यानाच्या वेळी उपकरणं मांडायची आणि नंतर आवरायची, हे त्याचं ठरलेलं काम.

मांडामांड करता करता तो आणखी एक काम करत होता, जे कुणी सांगितलं नव्हतं. जून १८१३ मध्ये, म्हणजे नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले असताना, त्यानं मित्र बेंजामिन अ‍ॅबटला व्याख्यानकलेवर लांबलचक पत्रं लिहिली. सभागृहात हवा खेळती हवी. यायची-जायची वाट सोयीची हवी. वक्त्यानं श्रोत्यांकडे पाठ करू नये, उपकरणांच्या आड लपू नये, तासाभरापेक्षा जास्त बोलू नये. बाटल्या पुसणारा माणूस वरच्या खुर्चीतल्या माणसाचं काम इतक्या बारकाईनं पाहत होता, आणि पाहिलेलं लगेच लिहून मित्राकडून तपासून घेत होता. अ‍ॅबट त्याच्यापेक्षा चांगला शिकलेला. पत्रव्यवहारातून आपली भाषा सुधारावी, हा हेतू फॅरडेनं उघड सांगितला होता.

पुढचा क्रम पाहा. १८१६ च्या जानेवारीत सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत, म्हणजे टॅटम यांच्याच वर्तुळात, पहिलं व्याख्यान. त्याच वर्षी पहिला शोधनिबंध, टस्कनीतल्या एका चुन्याच्या पृथक्करणावर, तोही आधीच्या नेमून दिलेल्या कामातून निघालेला. १८१८ मध्ये एकमेकांचे निबंध वाचून सुधारण्यासाठी चारपाच मित्रांचं मंडळ, आणि बेंजामिन स्मार्ट यांच्याकडे वक्तृत्वाचे धडे. तुटपुंज्या पगारातून हा खर्च. १८२७ साली तो लहान मुलांसाठी नाताळची व्याख्यानं द्यायला उभा राहिला तेव्हा त्यामागे चौदा वर्षांची तयारी होती. नावाजलेला वक्ता झाल्यावरही, बोलण्याचा वेग वाढला की मदतनीस त्याच्यासमोर "सावकाश" लिहिलेलं कार्ड ठेवायचा, आणि तास संपत आला की "वेळ" लिहिलेलं.

वरच्या पदाचं काम बढती मिळाल्यावर शिकू, असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात. बँकेतला कारकून शाखाधिकाऱ्याची कर्जाची टिप्पणी कशी लिहिली जाते हे फाइल हाती असूनही वाचत नाही. कारखान्यातला ऑपरेटर सुपरवायझर पाळी कशी लावतो हे रोज पाहूनही बघत नाही. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही. लागतं ते लक्ष, आणि पाहिलेलं त्या दिवशीच कुठेतरी उतरवणं.

मधे युरोपचा दौरा झाला: ऑक्टोबर १८१३ ते एप्रिल १८१५. युद्धाचे दिवस. डेव्हींच्या खासगी नोकरानं ऐनवेळी यायला नकार दिला आणि पॅरिसला दुसरा माणूस मिळेपर्यंत म्हणून ती कामं फॅरडेच्या गळ्यात पडली. दुसरा माणूस कधीच मिळाला नाही. डेव्हींच्या पत्नी लेडी डेव्ही त्याला नोकरासारखं वागवत, आणि त्याची कडवट वर्णनं अ‍ॅबटला लिहिलेल्या पत्रांत आहेत. घरी परत जावं, असंही त्याच्या मनात आलं. पण त्याच दौऱ्यात पॅरिसमध्ये आयोडीनवर काम चाललेलं त्यानं पाहिलं, फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगानं हिरा जाळलेला पाहिला, मिलानमध्ये विजेची बॅटरी बनवणाऱ्या व्होल्टांना पाहिलं, आणि कामापुरती फ्रेंच व इटालियन शिकून घेतली. रोजनिशी एकदाही टाकली गेली नाही असं म्हणवत नाही, पण ती चालू राहिली आणि आज वाचता येते. "सगळं निमूट सोसा, फळ मिळेल" असा अर्थ मी यातून काढत नाही. त्यानं निमूट सोसलं नव्हतं. काही प्रसंगी तो अडून बसला, आणि त्यानंतर वागणूक सौम्य झाली असं त्यानंच लिहिलंय.

ठेच

आता प्रकरणाचा अवघड भाग. १८२१ च्या एप्रिलमध्ये विल्यम वोलॅस्टन हे ज्येष्ठ शास्त्रज्ञ रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले आणि त्यांनी डेव्हींसोबत वीजवाहक तार चुंबकाजवळ स्वतःभोवती फिरते का हे पाहिलं. ती फिरली नाही. फॅरडे प्रयोगाच्या वेळी नव्हता, नंतर आला आणि त्यावरची चर्चा त्यानं ऐकली. सप्टेंबरमध्ये त्यानं स्वतःचा प्रयोग रचला. पाऱ्याच्या भांड्यात तार चुंबकाभोवती गोल फिरू लागली. विजेच्या मोटरीचं हे पहिलं रूप. वोलॅस्टन यांना सांगायला तो गेला, ते लंडनबाहेर होते. तो थांबला नाही. निबंध ऑक्टोबरच्या अंकात छापला आणि त्यात वोलॅस्टन यांचं नाव नव्हतं.

दुसऱ्याची कल्पना उचलली, असा बोभाटा झाला. प्रयोग खरोखर वेगळा होता. तार स्वतःभोवती फिरणं आणि चुंबकाभोवती फिरणं यांत फरक आहे. तरीही त्याच्याकडून चूक झाली होती. काम पुरं करून लगेच बाहेर काढायची त्याची सवयच इथे त्याला नडली. श्रेयाची दोन वाक्यं लिहायला अर्धं पानही लागलं नसतं.

त्यानं काय केलं? गप्प बसला नाही आणि उलटा हल्लाही केला नाही. त्यानं थेट वोलॅस्टन यांना पत्र लिहून भेट मागितली. ते आले, त्यांनी उपकरण पाहिलं. १८२३ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरडेचं नाव आलं तेव्हा प्रस्तावावरच्या एकोणतीस सह्यांत पहिली सही वोलॅस्टन यांची होती. विरोध आला तो डेव्हींकडून, जे तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष होते. प्रस्ताव मागे घ्या, असं त्यांनी सांगितलं. तो मी लावलेला नाही, लावणाऱ्यांनी लावलाय, असं फॅरडेनं उत्तर दिलं. ८ जानेवारी १८२४ ला तो निवडून आला. विरोधात एक मत पडलं.

पुढच्या कामात या ठेचेची खूण दिसते. नोंदींवर तारखा पडू लागल्या, आधीच्या कामाचे उल्लेख काटेकोर झाले. १८३२ पासून प्रयोगांच्या रोजनिशीतल्या परिच्छेदांना सलग क्रमांक आहेत आणि ते सोळा हजारांच्या पुढे जातात. त्याच वर्षी एक कल्पना सिद्ध करायला वेळ नव्हता, तर तिची तारीख ठरावी म्हणून त्यानं मोहरबंद पाकीट रॉयल सोसायटीत ठेवलं. ते १९३७ साली उघडलं गेलं.

या प्रकरणातून सगळं उचलता येणार नाही. आठवड्यातल्या संध्याकाळी मोकळा असलेला, अजून लग्न न झालेला, घरच्या कामाचा भार नसलेला तरुण पुरुष रात्री तिसऱ्यांदा व्याख्यान लिहू शकतो. दोन लोकल बदलून घरी येऊन स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईला तोच सल्ला देणं अन्यायाचं आहे. तिच्यासाठी मी एवढंच वेगळं काढीन: वाटेत, चालताना किंवा गाडीत, दिवसभरात ऐकलेलं क्रमानं आठवणं. फॅरडेच्या पद्धतीतला हा भाग फुकट आहे. दुसरा भाग ऑफिसच्याच वेळेत बसतो: महिन्यातून एखादं काम नाव, तारीख आणि आकड्यांसह असं पुरं करायचं की ते आपल्या गैरहजेरीतही वरिष्ठांच्या हाती देता येईल.

१८२५ च्या फेब्रुवारीत व्यवस्थापकांनी फॅरडेला प्रयोगशाळेचा संचालक नेमलं. त्याच्या कामाची दखल घ्यावी, असं बैठकीत सांगणारे डेव्हीच होते. पगार लगेच वाढला नाही. नव्या पदावर त्यानं सुरुवातीलाच जे केलं त्यात एक गोष्ट अशी: संस्थेच्या सभासदांना संध्याकाळी प्रयोगशाळेत बोलावून चालू असलेलं काम दाखवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षीपासून त्या बैठकी शुक्रवारी होऊ लागल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूशनची शुक्रवारची व्याख्यानं त्यांतूनच उभी राहिली.